दर पावसाळ्यात परत येणारी 'कुंई': कंपनी फिटेड स्टिरिओला अ‍ॅम्प जोडल्यावरचा बिघाड

गाडी बंद असताना गाणं एकदम स्वच्छ. इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून बारीक 'कुंई' सुरू होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. स्टिरिओचा आवाज शून्यावर नेला तरी तेवढीच राहते. माझ्या दाजींच्या गाडीत ही कुंई तीन वर्षांत तीनदा आली आणि तिन्ही वेळा आषाढातच आली. पहिल्या दोन वेळी आम्ही ती घालवली असं आम्हाला वाटलं होतं. खरं कारण तिसऱ्या वेळी सापडलं. ते कसं सापडलं हे सविस्तर लिहितोय, कारण कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून बाहेरचा, आवाजाची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प जोडणाऱ्या बऱ्याच जणांची हीच तक्रार असते आणि बहुतेकांचे पैसे चुकीच्या वस्तूवर जातात.

आधी जोडणी सांगतो. गाडी साधी हॅचबॅक. टचस्क्रीन स्टिरिओ कंपनीचा, त्याला मागे आरसीए जॅक (बाहेर बारीक सिग्नल देणारी गोल भोकं) नाहीत, फक्त स्पीकरच्या वायरी बाहेर येतात. स्टिरिओ बदलायचा नव्हता, कारण स्टिअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा त्याच्यावरच चालतात. म्हणून पुढच्या दोन स्पीकरच्या वायरींना हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरचा मोठा सिग्नल लहान करणारी डबी) लावला, तिथून आरसीए केबल डिकीपर्यंत नेली आणि डिकीत चार चॅनेलचा अ‍ॅम्प बसवला. दोन चॅनेल पुढच्या दारांना, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, १० इंची सबवूफरला. पॉझिटिव्ह केबल थेट बॅटरीवरून फ्यूज लावून आणली. ग्राउंड, म्हणजे करंट परत जायची मायनसची जोडणी, मात्र डिकीतच, स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडेला एका बोल्टवर घेतलं. अशी जोडणी आपल्याकडे हजारो गाड्यांत असेल.

पहिल्या वर्षी कुंई आली तेव्हा बसवणाऱ्यानं आरसीए केबलच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन्हीकडच्या ग्राउंडचा आरसीएमधून होणारा संबंध तोडणारी डबी) टाकला. कुंई जवळजवळ गेली. पण त्याबरोबर बेसही गेला. स्वस्त आयसोलेटरमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, खालच्या फ्रिक्वेन्सीला ते टिकत नाहीत, ढोलाचा ठोका पोकळ होतो. दिवाळीच्या सुमारास दाजींनी डिकीत नवीन मॅट टाकली. त्यासाठी अ‍ॅम्प सोडवून परत बसवला. सहज म्हणून आयसोलेटर काढून बघितला तर कुंई नाही. आम्ही खूश.

दुसऱ्या वर्षी जुलैत परत सुरू. या वेळी मी स्वतः बसलो. फोन थेट अ‍ॅम्पला जोडून बघितला, आवाज स्वच्छ. म्हणजे अ‍ॅम्प चांगला, दोष कन्व्हर्टरमध्ये, असा निष्कर्ष मी काढला. नवीन कन्व्हर्टर आणला, सगळं खोलून परत जोडलं, कुंई गेली. दाजी म्हणाले, "पावणं, आता परत न्हाई येत बघा." मलाही तसंच वाटलं.

तिसऱ्या वर्षी, कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढे गगनबावडा रस्त्यावर आठ दिवस नुसता पाऊस कोसळत होता, तेव्हा दाजींचा फोन आला. फोनवर ते काही बोललेच नाहीत, फक्त स्पीकरजवळ मोबाईल धरला. तीच कुंई, नव्या कन्व्हर्टरसकट.

तेव्हा मी दोन्ही वर्षांची कामं आठवून बघितली. एकदा आयसोलेटर काढला, एकदा कन्व्हर्टर बदलला. दोन्ही कामं वेगळी. पण दोन्ही वेळी एक गोष्ट नकळत झाली होती: अ‍ॅम्प सोडवण्यासाठी ग्राउंडचा बोल्ट काढला होता आणि परत आवळला होता.

आवाज शिरतोय कुठून, हे आधी ठरवा

ही कुंई अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची आहे, यात शंका ठेवू नका. अल्टरनेटर आतून थ्री फेज असतो, डायोड त्याचं डीसी करतात, पण ते बॅटरीसारखं सपाट नसतं, त्यावर बारीक लहरी राहतात. साधारण १२ पोलचा अल्टरनेटर धरला तर एका फेऱ्यात ३६ लहरी. इंजिन आयडलला ८०० आरपीएमवर आणि पुलीचं प्रमाण अडीचपट, म्हणजे अल्टरनेटर २००० आरपीएम, सेकंदाला ३३ फेरे आणि काही. गुणाकार केला की १२०० हर्ट्झच्या आसपास येतं. माणसाचा कान या पट्ट्यात चांगलाच तीक्ष्ण असतो, म्हणून एवढासा आवाजही टोचतो. इंजिनचा वेग दुप्पट झाला की सूरही दुप्पट वर जातो. तुमच्या गाडीतला आवाज इंजिनबरोबर चढत-उतरत नसेल, नुसता 'हंऽऽ' किंवा 'सूंऽऽ' असा स्थिर असेल, तर तो वेगळा बिघाड आहे. 'सूंऽऽ' बहुतेकदा गेन (अ‍ॅम्पवरची सिग्नल जुळवायची खुंटी) फार चढवल्यामुळे असतो, त्याचं पुढे येईल.

लहरी प्रत्येक गाडीत असतात. प्रश्न त्या गाण्यात कुठून मिसळतात एवढाच. हे शोधायला मल्टिमीटरसुद्धा लागत नाही. अ‍ॅम्प बंद करा, दोन्ही आरसीए अ‍ॅम्पमधून काढा, परत चालू करा, इंजिन सुरू ठेवा. आवाज तसाच राहिला तर तो अ‍ॅम्पच्या पॉवरमधून किंवा स्पीकरच्या वायरीतून येतोय. थांबला तर सिग्नलच्या वाटेनं येतोय. उघडा इनपुट स्वतःही थोडा आवाज पकडतो, म्हणून खात्रीसाठी जुन्या आरसीए पिनचं मधलं टोक आणि बाहेरची रिंग वायरनं एकत्र जोडून ती पिन इनपुटमध्ये घाला आणि मग ऐका. दाजींच्या गाडीत पिन घातली की पूर्ण शांतता. म्हणजे सिग्नलची वाट.

आता इथे फोनची चाचणी फसवते, आणि दुसऱ्या वर्षी मी नेमका इथेच चुकलो. फोन स्वतःच्या बॅटरीवर चालतो, गाडीच्या बॉडीशी त्याचा काही संबंध नसतो. त्यामुळे फोन जोडला की ग्राउंडचं वर्तुळ तुटतं. ग्राउंड कितीही खराब असलं तरी आवाज स्वच्छच येणार. स्टिरिओ मात्र डॅशबोर्डमागे बॉडीला जोडलेला असतो, अ‍ॅम्प डिकीत जोडलेला असतो, आणि दोघांना आरसीए केबलची बाहेरची जाळी जोडते. डिकीतला सांधा कच्चा झाला की अ‍ॅम्पचा परतीचा करंट सोपी वाट शोधतो, त्यातला काही भाग या जाळीतून पुढे जातो आणि जाताना अल्टरनेटरच्या लहरी गाण्यावर सोडून जातो. फोन स्वच्छ वाजतो याचा अर्थ एवढाच की अ‍ॅम्पच्या आतलं सर्किट शाबूत आहे. कन्व्हर्टर दोषी आहे असं त्यातून ठरत नाही. फोन गाडीतल्या चार्जरला लावून जोडला तर वर्तुळ परत पूर्ण होतं आणि कुंई परत ऐकू येते. हा फरक स्वतः करून बघा, सगळा मामला दोन मिनिटांत डोक्यात बसतो.

बीप वाजली म्हणजे ग्राउंड चांगलं असं नाही

ग्राउंड तपासायचं म्हटलं की सगळे मल्टिमीटर बीपवर ठेवतात, एक प्रोब अ‍ॅम्पच्या ग्राउंडला, दुसरा पत्र्याला. बीप वाजते आणि "अर्थ ओके" असं ठरतं. आमच्याकडे पण वाजली होती. बीप तर वीस-तीस ओहमलासुद्धा वाजते. आपल्याला शोधायचाय तो दोष शतांश ओहममधला. साध्या मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच अवरोध त्याच्या दहापट असतो, त्यामुळे ओहमच्या रेंजवर तो दिसतच नाही.

खरी तपासणी करंट वाहत असतानाच होते. मीटर डीसी व्होल्टवर, २ व्होल्टची रेंज. एक लांब वायर घेऊन बॅटरीच्या मायनस टोकाला पकडीनं लावा आणि खिडकीतून डिकीपर्यंत आणा, दुसरा प्रोब अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर. इंजिन सुरू, बेस असलेलं गाणं बऱ्यापैकी मोठ्यानं. आकडा ०.१ व्होल्टच्या आत राहिला तर ग्राउंड उत्तम. ०.२ च्या वर गेला तर कुठंतरी सांधा खराब आहे.

दाजींच्या गाडीत ०.६२ व्होल्ट दिसले. मग बॅटरीकडची वायर सोडली आणि तो प्रोब बोल्टशेजारी खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर टेकवला. ०.५५. म्हणजे जवळजवळ सगळा घोळ त्या एका बोल्टमध्ये. अ‍ॅम्प त्या वेळी साधारण २५ अ‍ॅम्पिअर ओढत असेल असं धरलं तर ०.५५ भागिले २५, म्हणजे ०.०२२ ओहम. ऐकायला काहीच नाही. पण कन्व्हर्टरमधून येणारा सिग्नल एक-दोन व्होल्टचा असतो, आणि त्याच्या शेजारी हा अर्धा व्होल्ट नाचतोय.

मीटर हातात असतानाच आणखी एक आकडा घ्या. मीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर, इंजिन सुरू असताना. व्होल्टचा शतांश किंवा फार तर एखादा दशांश दिसला तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या घरात गेला तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय आणि ऑडिओचं काम तिथंच थांबवून गाडी आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यायला हवी.

पाणी

बोल्ट काढला. थिंबलच्या (केबलच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीच्या) खाली पिवळसर-तांबडा गंजाचा थर, आणि त्याच्याभोवती पत्र्याचा रंग फुगून सुटलेला. बोल्ट आवळला की थर थोडा चिरडला जायचा, धातूला धातू लागायचा, कुंई जायची. पुढच्या पावसात परत गंज. दोन वर्षं आम्ही न कळत हाच उपाय करत होतो.

पण गंज इथंच का? स्टेपनी उचलली तर खड्ड्यात बोटभर पाणी. मी दाजींना टॉर्च देऊन डिकीत बसवलं, झाकण लावलं आणि बाहेरून तांब्यानं एकेका ठिकाणी पाणी ओतत गेलो. झाकणाच्या रबर बीडिंगवर काही नाही. काचेच्या कडेला काही नाही. डाव्या मागच्या दिव्यावर ओतलं आणि आतून आवाज आला, "हितनं आलं! धार लागली बघा!" दिव्यामागचं गॅस्केट एका कोपऱ्यात दबून कडक झालं होतं. पाणी पत्र्याच्या आतून ओघळून बरोबर त्या बोल्टवरून खड्ड्यात उतरत होतं. दिव्याचे दोन नट काढून नवीन गॅस्केट बसवलं, खड्ड्याच्या तळाची रबरी बुचं बघून घेतली.

म्हणून माझं ठाम मत आहे की पावसाळ्यात येणारी कुंई ही आधी पाण्याची तक्रार समजावी आणि मग ऑडिओची. कोल्हापुरात हे जास्त जाणवतं. जिल्ह्याच्या पश्चिम बाजूला, गगनबावडा-राधानगरीकडे रोज गाडी जात असेल तर जून ते सप्टेंबर पायपुसणी सुकतच नाहीत. चिखलानं भरलेले पाय, ओल्या छत्र्या, आणि कार्पेटखालचा फोम ते पाणी आठवडाभर धरून ठेवतो. बऱ्याच जणांनी ग्राउंड सीटखाली कार्पेट उचलून घेतलेलं असतं, तिथंही हेच होतं. जुनी गाडी घेतली असेल तर ती ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ च्या महापुरात उभी होती का, हे अ‍ॅम्प बसवण्याआधी बघाच. सीटचे बोल्ट, सीटबेल्टच्या तळाचा पट्टा, कार्पेटखालचा गाळ, या तीन ठिकाणी खूण राहतेच. तशा गाडीत कंपनीचे स्वतःचे ग्राउंड पॉइंटसुद्धा साफ करावे लागतात.

ग्राउंड पक्कं करताना

आधी बॅटरीचा मायनस काढा. १० नंबरचा पाना बहुतेक गाड्यांना पुरतो. जागा निवडताना कंपनीनं वेल्ड केलेला स्टड किंवा जाड पत्र्यातला नटवाला बोल्ट बघा. पातळ पत्र्यात घुसवलेला टोकदार स्क्रू नको, तो हादऱ्यानं सैल होतो. सीटबेल्टचा बोल्ट तर अजिबात नको, तो जीव वाचवण्यासाठी ठरावीक ताकदीनं आवळलेला असतो. आणि ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा, मागच्या सीटखाली बहुतेक पेट्रोलची टाकी असते.

थिंबलपेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरनं घासा. रंग जाऊन खाली करडा प्रायमर दिसतो, बरेच जण तिथं थांबतात. प्रायमरमधूनही वीज जात नाही. पत्रा चकाकेपर्यंत घासायचं. मग पत्र्यावर थेट थिंबल, त्यावर दातेरी वायसर, त्यावर नट. घट्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीसचा जाड थर, आणि उरलेल्या उघड्या पत्र्यावर रंग. ग्रीस आवळल्यानंतरच लावा, ते पाणी अडवायला आहे. दाजींच्या गाडीत मी जुनी जागा सोडून दिली आणि खड्ड्याच्या वर, चाकाच्या कमानीजवळच्या स्टडवर ग्राउंड नेलं, जिथं पाणी पोहोचत नाही. केबलची लांबी ४० सेंटिमीटर. अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, आणि जाडी पॉझिटिव्ह केबलएवढीच. पॉझिटिव्ह जाड आणि ग्राउंड बारीक असं बसवलेलं मी खूप ठिकाणी बघतो. जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो, त्यामुळे बारीक केबलला काही अर्थ नाही.

केबल घेताना टोक चाकूनं खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिचा अवरोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीच्या वर असतो आणि ओलाव्यात तिचं टोक लवकर पांढरं पडतं. तयार वायरिंग किटमध्ये बहुतेक तीच असते. शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंगचं सामान विकणाऱ्यांकडे २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल मीटरवर मिळते, बारीक तारांची, लवचिक, चार गेजपेक्षा किंचित जाड. मी तीच वापरतो. पण वेल्डिंग केबलही अ‍ॅल्युमिनियममध्ये येते, तेव्हा खरवडणं तिथंही चुकवू नका. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. फ्यूज अ‍ॅम्पसाठी असतो असा समज आहे, तो केबलसाठी असतो. फायरवॉलमधून जाताना केबल कुठं सोलली आणि बॉडीला टेकली तर फ्यूजशिवाय आग थांबवणारं दुसरं काही नाही. ती केबल रबरी ग्रोमेटमधूनच न्या, आणि आरसीए केबल गाडीच्या दुसऱ्या कडेनं.

स्टिरिओकडची बाजू

ग्राउंड ०.०५ व्होल्टवर आलं तरी कुंई थोडी राहिली, असं ज्यांना दिसेल त्यांनी स्टिरिओमागे बघावं. कंपनीच्या स्टिरिओत टीडीए ७३८८ सारखी ब्रिज पद्धतीची आयसी असते. तिच्या स्पीकरच्या दोन्ही वायरी 'जिवंत' असतात. मीटर डीसीवर ठेवून स्पीकरची कुठलीही वायर आणि बॉडी यांच्यात मोजा, दोन्हींवर साधारण ६ व्होल्ट दिसतील, म्हणजे बॅटरीच्या निम्मे. म्हणून स्पीकरची मायनस वायर म्हणजे ग्राउंड नव्हे. कन्व्हर्टर जोडताना वायरी वाचवायला डावी-उजवी मायनस एकत्र करणं किंवा मायनस बॉडीला लावणं हा सरळ शॉर्ट आहे. नशीब असेल तर स्टिरिओ प्रोटेक्शनमध्ये जातो, नसेल तर आयसी जळते. चारही वायरी स्वतंत्र जायला हव्यात. जुन्या आणि फार स्वस्त कन्व्हर्टरमध्ये दोन्ही चॅनेलची मायनस आतूनच एकत्र केलेली सापडते. मीटरनं दोन मिनिटांत कळतं, तसा निघाला तर कंपनीच्या स्टिरिओला तो वापरू नका.

खरं म्हणजे अ‍ॅम्पला स्वतःचा हाय-लेव्हल इनपुट असेल तर कन्व्हर्टरची गरजच नाही. स्पीकरच्या वायरी थेट अ‍ॅम्पच्या कपलरमध्ये जातात, लांब आरसीए केबल आणि तिची जाळी दोन्ही टळतात. नवीन अ‍ॅम्प घेणाऱ्याला मी हाच सल्ला देतो. वायरी तोडण्याऐवजी त्या गाडीचा टी-हार्नेस (मूळ कपलरच्या मधे बसणारी तयार जोडवायर) मिळतोय का बघा. मूळ कपलर शाबूत राहिला तर वॉरंटीचा वाद होत नाही आणि गाडी विकताना सगळं काढून घेता येतं.

स्टिरिओच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असं लिहिलेलं असतं. १४.४ व्होल्टवर ब्रिज आयसी ४ ओहमला साधारण ९ व्होल्ट देऊ शकते, ८१ भागिले ४, म्हणजे खरे २० वॅट. अ‍ॅम्प लावण्याचं कारणच हे. आणि हेच ९ व्होल्ट आरसीए इनपुटला झेपत नाहीत, म्हणून मधे कन्व्हर्टर लागतो.

याच जोडणीतल्या बाकीच्या तक्रारी

अ‍ॅम्प चालूच होत नाही, किंवा गाडी बंद केली तरी चालू राहून सकाळी बॅटरी उतरते. कंपनीच्या स्टिरिओला अ‍ॅम्पला चालू-बंदचा इशारा देणारी निळी रिमोट वायर बहुतेकदा नसते. कायम चालू असणाऱ्या वायरीवर रिमोट जोडला की बॅटरी जाणारच. किल्ली एसीसीवर फिरवल्यावरच १२ व्होल्ट येणारा फ्यूज शोधा आणि पिगीबॅक फ्यूज होल्डरनं (फ्यूजच्याच जागी बसून आणखी एक वायर काढून देणाऱ्या होल्डरनं) तिथून घ्या. बऱ्याच नव्या अ‍ॅम्पमध्ये वर सांगितलेले ६ व्होल्ट ओळखून आपोआप चालू व्हायची सोय असते, ती असेल तर उत्तम. गाडी चालू-बंद करताना 'धप्' होत असेल तर रिमोटची वेळ आणि स्टिरिओची वेळ जुळत नाहीये, आपोआप चालू होणाऱ्या सोयीनं तेही बहुतेक जातं.

अ‍ॅम्प लावल्यावर एखादा चॅनेल गप्प होतो किंवा काही सेकंद वाजून थांबतो. काही स्टिरिओ स्पीकर जोडलेला आहे का हे तपासतात. स्पीकर ४ ओहमचा, कन्व्हर्टरचा इनपुट हजारो ओहमचा, त्यामुळे स्टिरिओला वाटतं वायर तुटली आणि तो चॅनेल बंद करतो. अशा वेळी त्या चॅनेलच्या प्लस-मायनसमध्ये ४७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावला की काम होतं. तो गरम होतो, प्लास्टिक आणि फोमपासून दूर बांधा. ही लक्षणं नसतील तर रेझिस्टर उगाच लावू नका.

आवाज वाढवला की बेस कमी होतो, अशी तक्रार घेऊन लोक सबवूफर बदलतात. आधी वेगळ्या वाटेनं बघा. कंपनीचे छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून काही स्टिरिओ आवाज चढत जाईल तसा स्वतःच बेस कापतात. सबवूफर कितीही मोठा घ्या, सिग्नलमध्येच बेस नाही तर वाजणार काय? यावर बेस परत भरून काढणारा कन्व्हर्टर किंवा डीएसपी (सिग्नल डिजिटल पद्धतीनं सुधारणारा प्रोसेसर) हाच उपाय. गाडीच्या वेगाप्रमाणे आवाज वाढवणारी सेटिंग असेल तर तीही मेनूत जाऊन बंद करा, नाहीतर हायवेला लागल्यावर गेनचं सगळं गणित बिघडतं.

बेस आहे पण अंगात भरत नाही, मधूनच पातळ वाटतो, तर एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी झाली असेल. स्पीकर अ‍ॅम्पपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलची प्लस स्पीकरच्या प्लसला असताना कोन बाहेर आला पाहिजे.

जोरात वाजवताना अ‍ॅम्पचा लाल दिवा लागून तो बंद पडत असेल तर आधी ओहम मोजा. ब्रिज केलेल्या चॅनेलला बहुतेक चार चॅनेल अ‍ॅम्प ४ ओहमच्या खाली परवानगी देत नाहीत, आणि ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले की २ ओहम होतात. मग दारातल्या स्पीकरची वायर बिजागरीपाशी सोलून पत्र्याला टेकली आहे का बघा.

राहिला गेन. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नाही, स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांची जुळणी आहे. पूर्ण फिरवून ठेवला की गाण्याआधी 'सूंऽऽ' ऐकू येतो आणि उरलीसुरली कुंईही मोठी होते. स्पीकर सोडवा, स्टिरिओचे बेस-ट्रेबल मधे, आवाज तीन-चतुर्थांशावर, दारांच्या चॅनेलला १००० हर्ट्झचा आणि सबवूफरला ५० हर्ट्झचा टेस्ट टोन. मीटर एसी व्होल्टवर. किती व्होल्ट हवेत ते वॅट आणि ओहमच्या गुणाकाराचं वर्गमूळ: ७५ वॅट आणि ४ ओहमला ३०० चं वर्गमूळ, १७.३ व्होल्ट. ब्रिज करून २०० वॅट असेल तर ४ ओहमला २८.३. तो आकडा आला की थांबायचं. साधे मीटर १००० हर्ट्झला नीट मोजत नाहीत, तसं वाटलं तर दारांसाठीही खालचा, १०० हर्ट्झचा टोन घ्या, मात्र त्या वेळी हाय-पास फिल्टर (खालचे सूर कापणारी सेटिंग) बंद ठेवा.

दाजींच्या गाडीतलं ग्राउंड हलवलं, गॅस्केट बदललं, आयसोलेटर ड्रॉवरमध्ये गेला. जुना कन्व्हर्टरही परत लावून बघितला, त्याच्यावरसुद्धा कुंई नाही. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी टेप चिकटवून त्यावर मार्करनं लिहून ठेवलंय: त्या दिवशी ०.०५ व्होल्ट. यंदा रोहिणी निघायच्या आधी मोजलं, ०.०५. आषाढात, गगनबावड्याकडून भिजून आलेल्या गाडीत परत मोजलं, ०.०६. स्टेपनी उचलून बघितली, खड्डा कोरडा होता.